कॅलेंडरच्या मागची बाजू

पत्र

ताई, मी मूळची यावल तालुक्यातली, सध्या पुण्यात नोकरीला आहे. माझी आजी, आम्ही तिला जिजी म्हणायचो, गेल्या कार्तिकात गेली. ८४ वर्षांची होती. शाळा चौथीपर्यंत, पण आयुष्यभर चित्रं काढली. आजोबा खताच्या दुकानातून कॅलेंडरं आणायचे, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गेरू, नीळ, हळद, काजळी आणि केळीचा चीक घेऊन बाभळीच्या चावलेल्या काडीनं काढायची. कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या, सणाला मागच्या खोलीची भिंत रंगवायची, पुढच्या वर्षी तिच्यावर चुना फासायची आणि नवी काढायची. आता ट्रंकेत दोनशेच्या वर चित्रं निघालीत. वर्षश्राद्धाला काका स्मरणपुस्तिका छापणार आहेत आणि लेख मी लिहायचा आहे. पुस्तिकेचं नाव त्यांनी ठरवून टाकलंय, 'चित्रातल्या बहिणाबाई'. मी चारदा लिहायला बसले आणि चारही वेळा 'प्रेमळ, कष्टाळू, सुगरण' इथेच अडकले. शिवाय आत्या सांगते की आजोबांनी एकदा तिचे रंग आडात फेकले आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं काडी हातात धरली नाही. बाबा म्हणतात, गेलेल्या माणसाचं असलं काही लिहायचं नाही. जळगावचा एक जण सगळी चित्रं एकगठ्ठा ४०,००० रुपयांना मागतोय, काका तयार आहेत. काकूंचं म्हणणं, देवांची तेवढी ठेवू आणि लॅमिनेट करून घेऊ. मी काय करू? चार फोटो पाठवतेय.
— जिजीची नात

उत्तर

पोरी, तुझा चौथा फोटो चुकून उलट्या बाजूचा आलाय, आणि मला सगळ्यात जास्त तोच आवडला. मार्च १९८७. वर दुकानाचं नाव अर्धं फाटलेलं, खाली तारखांच्या चौकोनात दुधाचा हिशोब: एक, एक, दीड, मध्येच एक फुली. ४ तारखेला 'घरपट्टी'. १७ ला 'पाहुणे'. आणि उजव्या बाजूला तीन-चार तपकिरी डाग पाठीमागून झिरपलेले. ते डाग मी तिसऱ्या फोटोशी ताडून पाहिले. तिसऱ्या फोटोत केळीचा घड खांद्यावर घेऊन चाललेला माणूस आहे. खांद्यावर गोणपाटाची घडी, मान एका बाजूला दबलेली, आणि सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग. ते डाग तिनं केळीच्याच चिकानं काढलेत. तेच पाठीमागे उतरलेत.

तुझं लहानपण केळीच्या पट्ट्यात गेलंय, तेव्हा चीक काय असतो ते तुला सांगायला नको. ताजा असताना पाण्यासारखा. कपड्यावर पडला की आधी दिसतही नाही, मग हळूहळू तपकिरी होतो, काळपट होतो आणि कपडा फाटला तरी जात नाही. म्हणजे जिजी काडी बुडवून तो सदरा रंगवत होती तेव्हा कागदावर तिला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. उद्या, परवा इथे काय उमटणार आहे, हे तिला आधी ठाऊक होतं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शेकडो पोरं बसवली. न दिसणाऱ्या रंगानं चित्र काढण्याची हिंमत माझ्या एकाही विद्यार्थ्यात नव्हती, माझ्यातही नव्हती.

हे तुझ्या लेखात कुठे आहे? तू लिहिलंस 'प्रेमळ, कष्टाळू, सुगरण'. असेलच ती तशी. पण ही तीन विशेषणं तालुक्यातल्या कुठल्याही आजीच्या उत्तरकार्याच्या पत्रिकेवर चालतात. तू चार वेळा अडकलीस कारण तू जिजी कशी होती ते आठवत बसलीस. जिजीनं काय केलं ते ट्रंकेत दोनशे कागदांवर पडलंय. ते समोर घेऊन बस. एक चित्र निवड, हा केळीवालाच घे हवं तर, आणि तो कसा काढलाय एवढंच लिही. काडी कुठे जोरात दाबलीय, कुठे उचललीय, गोणपाटाला कुठला रंग, पायाखाली जमीन काढलीय की नाही. (नाही काढलेली. मी पाहिलं. माणूस हवेत चाललाय, तरी घडाचं वजन कळतं.) यातूनच प्रेमळपणा यायचा असेल तर येईल, नाही आला तरी बिघडत नाही.

आता पुस्तिकेचं नाव. खान्देशात आजी आणि कला हे दोन शब्द एका वाक्यात आले की तिसरं नाव बहिणाबाईंचं येतंच, त्यात काकांचा दोष नाही. असोद्याची माहेरवाशीण, अक्षरओळख नाही, जात्यावर बसून ओव्या रचणारी. पण त्या ओव्या आपल्यापर्यंत पोचल्या त्या कुणीतरी बसून उतरवून घेतल्या म्हणून. मुलगा सोपानदेव आणि घरातले लोक लिहून घेत गेले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. सोपानदेवांनी माय किती थोर होती यावर निबंध लिहीत बसायचं ठरवलं असतं तर आज आपल्या हाती काय असतं, सांग बरं. काकांना बहिणाबाईंकडून काही घ्यायचंच असेल तर नाव नको, ती उतरवून घ्यायची चिकाटी घ्यावी. जिजीला स्वतःचं नाव होतं, मुखपृष्ठावर तेच असू दे. सासरचं, माहेरचं, दोन्ही. माहेरचं नाव घरात किती जणांना माहीत आहे तेही एकदा विचारून बघ, गंमत कळेल.

आडाबद्दल.

बाबांचं म्हणणं मी समजू शकते. त्यांचे वडील होते ते. आणि छापील पुस्तिका म्हणजे भाऊबंदांत वाटायची वस्तू, त्यावर पुढची दहा वर्षं चावडीवर चर्चा. पण ही गोष्ट गाळून जिजीची चित्रकथा सांगता येत नाही, कारण तुझ्या आत्याचं खरं असेल तर मधली काही वर्षं रिकामी आहेत, आणि ती का, हे वाचणारा विचारणारच. 'असेल तर' असं म्हणतेय. आधी बघ. दोनशे कागद उलटे कर आणि वर्षाप्रमाणे लाव. कालनिर्णयची पानं त्यात सापडणार नाहीत, कारण त्यांची मागची बाजू मजकुरानं भरलेली असते, ती तिच्या उपयोगाची नव्हती. ही सगळी दुकानांची, एकाच बाजूनं छापलेली. जिथे वर्ष फाटलं असेल तिथे १ तारखेचा वार आणि त्या महिन्यातला एखादा सण बघून जुन्या पंचांगाशी जुळव, वर्ष सापडतं. एक सावधगिरी मात्र ठेव. मार्च ८७ चं पान म्हणजे चित्र ते कॅलेंडर घरी येण्याआधीचं नाही, एवढंच सिद्ध होतं. जिजीनं जुनं पान चार वर्षांनी काढलं असेल तर ते पान तुला सांगणार नाही. तरी दोनशे पानं लावल्यावर एखादी फट असली तर दिसेल. आत्याला 'कितीतरी वर्षं' आठवतात, पानांवरून कदाचित तीन निघतील, कदाचित अकरा.

मग लिहायचं काय? घडलं तेवढं, एका-दोन वाक्यांत, कुणी पाहिलं ते सांगून. 'आजोबांनी एकदा जिजीचे रंग आडात टाकले, असं माझी आत्या सांगते. त्यानंतरची अमुक वर्षांची चित्रं ट्रंकेत नाहीत.' बस. त्यावर 'पुरुषप्रधान संस्कृतीनं एका कलावतीचा' वगैरे सुरू करू नकोस, आणि 'रागाच्या भरात, पण मनानं फार चांगले' हेही नको. हे वाक्य लिहून झालं की छापण्याआधी बाबांना वाचून दाखव, एकटे असताना, जेवण झाल्यावर. नाही म्हणाले तर कारण विचार. कदाचित त्यांनी ते पाहिलं असेल. किती वर्षांचे होते ते तेव्हा?

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र तू सहज लिहून पुढे गेलीस आणि मी तिथेच थांबले. कॅलेंडरं आणायचे कोण? आजोबा. दरवर्षी. आता यावर एखादी सुंदर गोष्ट रचायचा मोह होतो, रंग फेकणारा माणूस आयुष्यभर कागद आणून देत राहिला वगैरे. रचू नकोस. खतवाला दोन पोती घेतली की कॅलेंडर फुकट देतो, म्हणूनही आणली असतील. पण एका घराला लागतं एक, फार तर दोन. ते किती आणायचे, आणि आणल्यावर आधी कुठल्या खिळ्याला टांगायचे की सरळ जिजीच्या हातात द्यायचे, हे ठाऊक असणारं माणूस अजून हयात आहे. आत्या.

पुढचा सगळा प्रश्न माणसं गाठण्याचा आहे, आणि त्याला मुहूर्त चांगला आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल तेव्हा गावी जा. ऑफिसला काय सांगायचं ते सांग. सुरतेची, नाशिकची, पुण्याची सगळी भाऊबंदकी रोटाच्या प्रसादाला घरी येते, दिवाळीला येत नाहीत ते कानबाईला येतात. जिजीची भिंत वर्षानुवर्षं पाहिलेली ही माणसं. त्यांना 'जिजी कशी होती?' असं विचारशील तर 'फार मायाळू होती बाई' हेच उत्तर मिळेल, तुझ्या लेखासारखंच. असं विचार: नीळ कुणाच्या दुकानातून यायची? काडी कोण तोडून आणायचं? रंगात बाभळीचा डिंक घालायची का? ती भिंतीला उभी असताना तुम्हाला जेवायला कोण वाढायचं? मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवून दे आणि विसरून जा. आपल्या लोकांना एक प्रश्न पुरतो. कुणीतरी सांगेल, 'हात वाळू दे, मंग भाकर देते तुले' असं म्हणायची, आणि दुसरा म्हणेल, छे, ती तर रात्री सगळे झोपल्यावर काढायची. दोन्ही लिहून ठेव, निवाडा करू नकोस.

भिंत गेली असं तू म्हणतेस. चुन्याखाली आहे ती, थरावर थर, पण खरवडायला जाऊ नकोस, हाती पापुद्रे येतील. त्याऐवजी घराघरातले फोटो काढायला सांग. कानबाईचा फोटो, बारशाचा, नवरदेव निघतानाचा, त्या खोलीत काढलेला कुठलाही. त्यात पुढच्या माणसांकडे बघूच नकोस, मागे बघ. कुणाच्या तरी टोपीच्या वर, खांद्याच्या बाजूला भिंतीचा एक तुकडा असणार. जुने फोटो कृष्णधवल असतील, रंग कळणार नाहीत, रेघ कळेल. चार घरांतले चार तुकडे मिळाले तर एका वर्षाची अर्धी भिंत उभी राहील. जिजीनं सगळ्यात मोठं काम केलं ते त्या भिंतीवर, आणि ते पुसलं जाणार हे धरूनच केलं. ट्रंकेतली दोनशे त्यामानानं छोटी.

पैशाचं. ४०,००० म्हणजे एका चित्राचे दोनशेसुद्धा पडत नाहीत, पण तो मुद्दा नंतरचा. आधीचा मुद्दा असा की काका एकटे विकू शकत नाहीत. जिजीनं मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिच्या मालमत्तेत मुलांइतकाच मुलींचा वाटा. आजोबा हयात नाहीत असं धरते, तर काका, बाबा आणि आत्या, तिघांचा सारखा. आत्याला कुणी विचारलंय का? तुझ्या पत्रात तरी दिसत नाही. दुसरं, चित्र विकलं म्हणून ते छापण्याचा, त्याची शुभेच्छापत्रं किंवा साडीच्या पदरावर छपाई करण्याचा हक्क आपोआप जात नाही. तो लेखी करारानंच देता येतो, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे असतो. तेव्हा त्या गृहस्थानं पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर वकिलानं वाचल्याशिवाय सही करायची नाही. विकूच नका असं मी म्हणत नाही. काकांच्या घरी अडचण असेल, मला काय माहीत. पण प्रत्येक चित्राचा दोन्ही बाजूंनी फोटो आणि यादी होईपर्यंत एकही कागद उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. आणि एकगठ्ठा गेला की जिजीनं उलगडत नेलेली पन्नास वर्षं पत्त्याच्या डावासारखी वाटली जातील, कुणाच्या हातात काय गेलं ते परत कळायचं नाही.

'देवांची तेवढी ठेवू' यावर मला काकूंशी भांडायचं नाही. पण गणपती गावात शंभर जणांनी काढलेत. केळीचा घड खांद्यावरून नेणारा गडी तिच्याशिवाय कुणी काढला असेल तर मला दाखवा.

आणि लॅमिनेशन! माझी हकिकत ऐक. माझ्या आईची रांगोळीच्या ठिपक्यांची वही होती, शाईपेनानं काढलेली, समासात तिच्या बारीक सूचना. मी मोठ्या कौतुकानं ती सुटी करून पानन्‌पान लॅमिनेट करून आणलं. तापलेल्या रुळातून जाताना शाई पसरली, पुढे पानं पिवळी पडत गेली, आणि ते प्लास्टिक आता कागद फाडल्याशिवाय निघत नाही. चित्रकलेची शिक्षिका होते मी. अजून ती पिशवी उघडवत नाही. तुझ्या जिजीचे रंग तर गेरू आणि हळदीचे, भुकटीचे. लॅमिनेशनच्या चिकट थरावर ते अर्धे उतरतील.

त्यामुळे काकूंना प्रेमानं सांग, आणि कामाला लाग. रंगाची भुकटी सुटतेय का हे बोट फिरवून बघायचं नाही. वरच्या कागदाच्या पाठीवर खालच्या चित्राची पावडर उमटली असेल तर समज की त्यात डिंक कमी आहे. ती चित्रं सगळ्यात आधी वेगळी कर. दोन कागदांमध्ये वर्तमानपत्र नको, त्यातलं आम्ल हळूहळू कागद करपवतं. पुण्यात चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात ॲसिड-फ्री कागद मिळतो, तो आण. तोवर जुन्या धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती धोतराचे तुकडे चालतील, पोथ्या आपल्याकडे कापडातच राहिल्या. सेलोटेप एक तुकडाही नाही. गुंडाळी नाही, आडवीच ठेवायची. ट्रंक माळ्यावर चढवू नकोस. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल याचा विचार कर. खालच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर, वाळवी आली तर लगेच दिसेल अशी. वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात, चित्राला चिकटून नव्हे. दर दिवाळीला आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघायची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर लिहून ठेव, 'आपण सगळे बघू' म्हणजे कुणीच बघत नाही.

फोटो मोबाइलनं काढलेस तरी चालेल, एवढे मोठे कागद घरच्या स्कॅनरवर बसणार नाहीत. सकाळी ओट्यावर, सावलीत, फ्लॅश बंद, मोबाइल चित्राच्या बरोबर वर धरून, बाजूला शाळेची फूटपट्टी. पुढची बाजू, लगेच मागची बाजू. क्रमांक चित्रावर नाही, मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. सगळी प्रत दोन ठिकाणी, एक तुझ्याकडे आणि एक आत्याकडे. काकांकडेही दे म्हणा, पुस्तिकेला लागेलच.

जमलं तर चाळीसगावला एक फेरी मार. छायाचित्रकार केकी मूस १९८९ साली गेले, अर्धं आयुष्य त्या घराबाहेर क्वचितच पडलेले गृहस्थ, पण त्यांची छायाचित्रं, चित्रं आणि वस्तू स्टेशनजवळच्या त्यांच्याच घरात ठेवलेल्या आहेत. तुला संग्रहालय काढायला सांगत नाहीये. एका माणसाचं काम एका जागी राहिलं की ते कसं दिसतं, एवढं बघून ये.

लेख आधी लिहू नकोस. आधी आत्याकडे जा, आणि जाताना हे मार्च ८७ चं पान कापडात घेऊन जा. चित्राची बाजू तिला पाठ असेल. ते उलटं करून तिच्यापुढे ठेव. मी भिंग लावून पाहिलं तर दुधाचा हिशोब दोन अक्षरांत आहे. १ ते १६ एका हाताचं, टोकदार, घाईचं. १७ पासून, पाहुणे आले त्या दिवसापासून, दुसऱ्याचं, गोल, काडीनं लिहिल्यासारखं जाड. त्यातलं जिजीचं कुठलं, ते तिला विचार.